शेवंतीची पेटी

मुनिराचे तिसरे मूल आठव्या दिवशी गेले. आधीची दोन अशीच गेली होती, एक सातव्या दिवशी आणि एक नवव्या. मूल चांगले रडत जन्माला यायचे, चार दिवस अंगावर प्यायचे, मग एका सकाळी दूध ओढेनासे व्हायचे. जबडा घट्ट मिटायचा, अंग कमानीसारखे ताठ व्हायचे आणि एक-दोन दिवसांत सगळे संपायचे. खारले गावात या दुखण्याला ‘आठव्या दिवसाचे’ एवढेच म्हणत. मोहल्ल्यात काय आणि वाडीत काय, ते यायचे असेल तर येते, त्याला इलाज नाही, अशीच समजूत होती.

म्हणून मुनिराच्या मुलाचे कुणाला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते एकट्या नर्स सुभद्राला, कारण हे मूल जगणार असा शब्द तिने दिला होता.

खरे तर शब्द देण्याइतकी ती कच्ची नव्हती. नोकरीला दहा वर्षे झाली होती. दोन खाड्यांच्या मधली सतरा गावे तिच्या एकटीच्या वाट्याला होती. दुसऱ्या नर्सची जागा मंजूर होऊन तीन वर्षे लोटली, पण कागदावरून माणूस काही खाली उतरत नव्हता. पायी चालत, खाडी लागली की तरीत बसून, ती महिन्याकाठी प्रत्येक गावाला जेमतेम तोंड दाखवून यायची. बाळंतपणे व्हायची ती गावोगावच्या सुइणींच्या हातून. तेव्हा सरकारने ठरवले की सुइणींनाच शहाणे करावे. एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर सात गावच्या सात सुइणींना तालुक्याच्या आरोग्य केंद्रात महिनाभर ठेवून घेतले. सुभद्रानेच त्यांना शिकवले. हात कोपरापर्यंत धुवायचे, कात्री उकळायची, नाळ त्याच कात्रीने कापायची, वर राख लावायची नाही. निघताना प्रत्येकीला ॲल्युमिनियमची एकेक पेटी मिळाली. पेटीत कात्री, नखे घासायचा ब्रश, साबण, दोऱ्याचे रीळ, कापूस, वाडगा आणि अंथरायचे मेणकापड. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पेटी घेऊन केंद्रावर यायचे, डॉक्टर यादी हातात धरून एकेक वस्तू पाहणार, असा नियम होता. तपासणीत सुभद्राने पुढे व्हायचे आणि यादीवर खूण करायची.

या सातजणींत खारल्याची शेवंती सर्वांत हुशार. पन्नाशीची विधवा, कमी बोलणारी, तीस वर्षे गावातल्या प्रत्येक घरात बाळंतिणीच्या खोलीचे दार तिला उघडे. आपल्या गावच्याच नव्हे तर शेजारच्या सहा वाड्यांतल्या बायकाही तिच्याच हातून सुटत. मुनिराला पुन्हा दिवस गेले तेव्हा सुभद्राने मोठ्या विश्वासाने तिच्या सासूला, नसीमाबीला सांगितले होते की आता शेवंतीकडे सरकारी पेटी आहे, तिचा हात आता शिकलेला आहे, या खेपेला मूल जगेल.

जगणे गरजेचेही होते. मुनिराचा नवरा रफीक बोटीवर खलाशी होता आणि ईदेला रजेवर यायचा होता. दोन मुले गेल्यावर नसीमाबीने त्याच्या दुसऱ्या निकाहासाठी बांद्याकडची एक मुलगी मनात धरून ठेवली होती. तिसरे जगले तर ती मनातच राहणार होती.

मूल गेल्याचे कळल्यावर सुभद्रा तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यात पोहोचली. नसीमाबी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने रागही दाखवला नाही. बस म्हणाली, पाणी दिले, आणि सुपातून नजर न काढता म्हणाली, “विहीरच खारी, तर पोहरो बदलून काय होतला, बाय? तुमी तरी काय करतल्यात?”

मुनिरा दाराआड बसली होती. एकवीस वर्षांची मुलगी, पण बसण्यात म्हातारपण आले होते. सासू आत गेल्यावर ती हळूच बोलली.

“तुमी म्हणालात, ह्या जगतला. मगे ह्या कशान गेला? माज्या रक्तान?”

“नाही,” सुभद्रा म्हणाली. पण मग कशाने, ते तिला ठाऊक नव्हते. “शोधून सांगते.”

“ईदेच्या आदी सांगा,” मुनिरा म्हणाली.

तिथून सुभद्रा सरळ शेवंतीकडे गेली. सोमवार नव्हता, तपासणी नव्हती. शेवंती परसात मिरच्या वाळत घालत होती, नर्सबाईंना अवेळी पाहून ती गडबडली. सुभद्राने पेटी मागितली. पेटी देवाच्या फळीखालच्या फळीवर, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली होती. शेवंतीने हात धुतले, पुसले आणि मगच ती खाली उतरवली.

झाकण उघडले आणि सुभद्रा पाहतच राहिली. म्हणजे तिने काही नवे पाहिले असे नाही. जे दिसले ते तिने तेरा-चौदा वेळा पाहिले होते आणि प्रत्येक वेळी समोर खूण करून ‘उत्तम’ असे लिहिले होते. साबणाच्या वडीवरची अक्षरे बोटाला लागतील इतकी ठळक होती. दोऱ्याच्या रिळावरची कागदी पट्टी फाटलेली नव्हती. कात्रीला कारखान्यातले तेल तसेच होते. पेटी स्वच्छ होती, कारण तिला कुणी हातच लावला नव्हता.

“मुनिराच्या मुलाची नाळ कशाने कापलीस?” तिने विचारले.

“त्येंच्याच घरची कोयती घेतलंय. धुवन घेतलंय, बाय. हात पण धुतलंय, तुमी शिकवलात तशे.”

घरच्या कोयतीनेच त्या घरचे मूल आईपासून सोडवायचे, ही रीत सुभद्राला माहीत होती. नारळ सोलायची, फाटी तोडायची, खतेऱ्याच्या, शेणाकचऱ्याच्या ढिगाच्या कडेला पडलेली कोयती. तिने विचारले, आणि कात्री? शेवंतीने तिच्याकडे असे पाहिले, जणू नर्सबाईंनी देवाच्या निरांजनाने चूल पेटवायला सांगितले आहे.

“कात्री सरकारची. ती खराब झाली तर? काशीबायची पेटी सायबान सगळ्यांच्या म्होरं काढून घेतल्यान. कात्रीक गंज, दोरो सोपलेलो, साबण नाय. ती पदरान डोळे पुसत गेली. माज्या बाजूकच बसली होती ती. तेवाच मिया ठरवलंय, माजी पेटी कोण न्हेवची नाय.” थोडे थांबून ती म्हणाली, “तुमीच म्हणालात ना बाय, शेवंतीसारखी पेटी ठेवा.”

म्हणाली होती. सगळ्यांसमोर, शेवंतीची पेटी हातात उंच धरून म्हणाली होती.

सुभद्राने तिला समजावून सांगितले. रागावण्याचे त्राण तिच्यात नव्हते. मातीतले विष लोखंडाला लागते, लोखंडावरून नाळेत जाते, आठ दिवसांनी जबडा धरते. हे सगळे तिने केंद्रातही शिकवले होते, पण तेव्हा ते शिकवणे होते आणि आता ते एका मुलाचे मरण होते. शेवंती ऐकत राहिली. मग तिची बोटे मांडीवर हलू लागली. ती मोजत होती. वाडीतले सावंतांचे, खालच्या बांधावरचे दोन, आणि हे.

“पेटी घरात इल्यापासून चार,” ती म्हणाली.

मग ती उठून मिरच्यांकडे गेली आणि वाळलेल्या मिरच्या पुन्हा पसरू लागली.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा तरीने खाडी ओलांडून बांदवाडीच्या सुइणीकडे, काशीबाईकडे गेली. काशीबाई पेटी मिळाल्यापासून सहाव्याच महिन्यात तिला मुकली होती आणि तेव्हापासून केंद्राच्या वाटेला फिरकली नव्हती. तोंडाने फटकळ बाई. अंगणातूनच म्हणाली, “आता काय बगूक इल्यात? पेटी न्हेलात, आता कोयती न्हेवची आसा काय?”

सुभद्राने आपली बाळंतपणांची वही सोबत आणली होती. पायरीवर बसून दोघींनी एकेक नाव आठवले. पेटी हाती होती त्या महिन्यांत काशीबाईने अकरा बायका सोडवल्या आणि अकराही मुले जगली. पेटी गेल्यानंतरच्या नऊंपैकी दोन आठव्या दिवशी गेली. सुभद्राने वही मिटली. मग तिने कात्रीच्या गंजाचे विचारले. काशीबाईने तिला हाताला धरून विहिरीपाशी नेले, पोहरा वर काढला आणि ओंजळ पुढे केली. पाणी मचूळ होते. खाडीकाठची विहीर, फेब्रुवारी आला की मीठ वर येते. तुम्ही सांगितले तशी दर खेपेला कात्री उकळली, याच पाण्यात उकळली, गंजणार नाही तर काय सोन्याची होणार, असे काशीबाईचे म्हणणे. दोरा आणि साबण संपले तेव्हा ती दोनदा केंद्रावर गेली होती. कपाट बंद होते, कपाटाची चावी कंपाउंडरकडे, आणि कंपाउंडर माणूस कमी म्हणून दुसऱ्या दवाखान्यात पाठवलेला. तिसऱ्यांदा गेली ती तपासणीलाच.

म्हणजे जिने पेटी वापरली तिची काढून घेतली आणि जिने जपली तिची वाखाणली. परतताना तरीत बसून सुभद्राला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. गंजलेली कात्री डॉक्टरांनी दोन बोटांत धरून उंच केली होती, आणि ‘खराब’ हा शब्द यादीवर तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. तीन दवाखाने त्यांच्या एकट्याच्या माथी होते, दोन जागा रिकाम्या, आणि आठवड्यातले दोन दिवस नुसते जाण्यायेण्यात जात. सुभद्राने सगळे सांगितले तेव्हा त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. मग टेबलावरचा एक कागद तिच्यापुढे सरकवला. जिल्ह्यातल्या सर्वोत्तम सुइणीच्या बक्षिसासाठी शेवंतीचे नाव गेले होते, आणि ते मंजूरही झाले होते. शिफारस करणारी म्हणून खाली सुभद्राची सही होती. कुणकेश्वरच्या जत्रेआधी केंद्रावर समारंभ व्हायचा होता, वरचे साहेब येणार होते.

सुभद्राने दोन गोष्टी मागितल्या. काशीबाईची पेटी परत द्यावी, आणि मुनिराच्या मुलाच्या मृत्यूच्या नोंदीत ‘जन्मतः अशक्त’ लिहिले आहे ते खोडून धनुर्वात लिहावे.

पेटी ‘निकामी’ म्हणून वर परत गेली होती, ती आता कुठल्या कोठीत असेल ते डॉक्टरांनाही माहीत नव्हते. नोंदीचे नाव निघताच त्यांनी बक्षिसाचा कागद पुन्हा आपल्याकडे ओढला.

“बाई, या सात पेट्यांचं काम चांगलं दिसलं तर आणखी वीस पेट्या मिळणार आहेत. वीस गावांना. धनुर्वात लिहिला की वरून विचारणार, शिकवलेल्या सुइणीच्या हातून धनुर्वात कसा? मग वीस सोडाच, या सहाही परत मागतील. मला पेट्या मोजता येतात. नाळ कशानं कापली, ते मोजायला माझ्याकडे माणूस नाही.”

“आणि त्या मुलीचं काय?”

“शेवंतीला सांगा, गुपचूप वापर म्हणावं. पुढची मुलं जगतील. तपासणीला मी डोळेझाक करीन.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “कागद मात्र मागू नका.”

सुभद्राला त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना, आणि तेच तिला जास्त लागले. वीस गावे एकीकडे आणि मुनिरा एकीकडे. तागडीत घातले तर मुनिरा वर जाणार, हे लहान मुलालाही कळेल. पण मुनिराच्या दारात उभे राहून ‘शोधून सांगते’ म्हणाली होती ती सुभद्रा. वीस गावे म्हणाली नव्हती.

समारंभाला मांडव घातला होता. सहा पेट्या उघड्या करून टेबलावर मांडायच्या ठरल्या होत्या, लोकांनी रांगेने पाहाव्यात म्हणून. सकाळी शेवंतीची पेटी उघडली तर साबण निम्मा झिजलेला, दोऱ्याचे रीळ सुटलेले आणि कात्रीच्या पात्यावर उकळल्याचे डाग. गेल्या तीन आठवड्यांत तिने तीन बायका सोडवल्या होत्या. कंपाउंडरने कपाळावर हात मारला. त्या दिवशी तो होता आणि चावीही होती. त्याने कपाटातून नवा साबण काढला, नवे रीळ काढले, कुठल्याशा खोक्यातून कोरी कात्री काढली आणि शेवंतीची कात्री कागदात गुंडाळून टेबलाखाली ठेवली. कपाटात अजून बारा-पंधरा साबण होते. सुभद्राने ते दाराशी उभे राहून पाहिले.

साहेबांनी शेवंतीला प्रशस्तिपत्र आणि खणसाडी दिली. ती मान खाली घालून उभी होती. टाळ्या वाजल्या तरी तिने मान वर केली नाही. बाई फार लाजाळू आहे, असे साहेब कौतुकाने म्हणाले आणि लोक हसले. खाली उतरल्यावर ती टेबलाकडे गेली, पेटीतली कोरी कात्री बाहेर काढून ठेवली आणि टेबलाखालची पुडी आपल्या पेटीत घातली. कंपाउंडर काही म्हणणार होता, पण तिचा चेहरा पाहून तो बाजूला झाला.

त्यानंतरच्या शुक्रवारी सुभद्रा मोहल्ल्यात गेली. काय सांगायचे याचा तिने आठ दिवस विचार केला होता. खरे सांगितले तर शेवंतीला कुणी दारात उभे करणार नाही, आणि शेवंती गेली तर सात वाड्यांना दुसरे कुणी नाही. म्हणून तिने ठरवले की दोष स्वतःवर घ्यायचा. तो तसा होताही.

नसीमाबी होती, तिचा नवरा हाफिजभाई होता, आणि उंबऱ्याच्या आत मुनिरा. सुभद्राने सांगितले की मुनिराच्या रक्तात काही नाही, तिघेही मुलगे लोखंडाच्या विषाने गेले, आणि शेवटच्याच्या वेळी पेटी असून वापरली गेली नाही याला कारण मी, कारण मी पेटी सांभाळायला शिकवले आणि वापरायला शिकवल्यासारखे केले. मुनिरात खोट नाही. पुढचे मूल उकळलेल्या कात्रीने सोडवा, ते जगेल.

नसीमाबीने हाफिजभाईकडे पाहिले. मग मुनिराच आतून म्हणाली, “ह्या कागदार लिवन देशात?”

बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले माणूस नवऱ्यापुढे ठेवू शकते, एवढे तिला समजत होते. सुभद्राने वहीतले पान फाडले आणि जे बोलली ते सगळे लिहिले. खाली सही केली, नाव, हुद्दा, तारीख. हाफिजभाईने चष्मा लावून ते वाचले. तो मराठी सात इयत्ता शिकलेला होता. वाचून झाल्यावर त्याने पान उलटून मागची बाजू पाहिली.

“शिक्को खंय आसा?”

सुभद्राने सांगितले की शिक्का डॉक्टरांकडे असतो. हाफिजभाई आत गेला आणि पेटाऱ्यातून मृत्यूच्या नोंदीचा दाखला घेऊन आला. जांभळा, गोल, स्वच्छ उठलेला शिक्का. ‘जन्मतः अशक्त.’ त्याने दोन्ही कागद गुडघ्यावर शेजारी शेजारी ठेवले. तो कठोर माणूस नव्हता. कोणता खरा ते आपल्याला ठरवता येत नाही, एवढीच त्याची अडचण होती.

“बाय, तुमी बरी माणसा. तुमका हिची दया इली, म्हणान तुमी लिवलात. पण सरकार काय लिवता ता बगा.”

“सरकारच्याच नोकर आसत त्या,” मुनिरा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

“नोकर आसत,” नसीमाबी म्हणाली. “सरकार नाय.”

हाफिजभाईने शिक्क्याचा कागद घडी करून परत पेटाऱ्यात ठेवला. सुभद्राचा कागद त्याने मुनिराला दिला, कारण तो तिनेच मागितला होता. मुनिराला वाचता येत नव्हते. तिने तो सुभद्रापुढे धरला आणि वाचून दाखवा म्हणाली. सुभद्राने वाचला. ‘मुनिरात खोट नाही’ या वाक्यापाशी मुनिराने बोट ठेवून तेवढे पुन्हा वाचायला लावले, आणि ते कागदावर कुठे आहे ते पाहून ठेवले.

ईदेला रफीक आला. त्याने कागद पाहिला की नाही, हे सुभद्राला कधी कळले नाही. विचारायचे धाडस तिला झाले नाही. रजा संपायच्या आत बांद्याची मुलगी निकाह लावून घरात आली.

वीस पेट्या पुढच्या वर्षी आल्या. सुभद्राने नव्या सुइणींना शिकवताना सांगितले की ज्या पेटीतला साबण झिजलेला नसेल, तिच्यावर मी ‘खराब’ लिहीन. असे तिने दोन महिने केले. मग छापील यादी आली, तिच्यात साबण आहे किंवा नाही एवढेच दोन रकाने होते.

बांद्याच्या मुलीचे पहिले बाळंतपण बासष्टच्या पावसाळ्यात शेवंतीने केले. कात्री उकळून केले. मूल आठव्या दिवशी दूध प्याले, नवव्या दिवशीही प्याले, दहाव्या दिवशी नसीमाबीने मोहल्ल्यात घरोघर शिरा वाटला आणि खोट कुणात होती ते आता कुणाला विचारायचे राहिले नाही, असे प्रत्येक दारात सांगितले. वाटेत सुभद्रा भेटली तेव्हा तिच्याही हातावर शिरा ठेवला.

शेवंती सुभद्राला नंतर सांगत होती की बाळंतपण सोपे गेले. कात्रीसाठी पाणी कुणीतरी आधीच चुलीवर ठेवले होते, चांगले खळखळ उकळलेले, झाकण घालून. ते मुनिराने ठेवले होते.